हायवेवर कुणी खुन्नस धरली तर

हायवेवरची भांडणं कुठे पेटतात ती जागा जवळजवळ ठरलेली असते: सगळ्यात उजवी लेन. पुढची गाडी ऐंशीने निवांत चाललेली, मागून एक जण सव्वाशेने येतो, अप्पर-डिपर मारतो, हॉर्न धरून ठेवतो. पुढच्याला वाटतं, आपण नियमात आहोत, मग हलायचं कशाला? मागच्याला वाटतं, हा मुद्दाम अडवतोय. दोघंही आपापल्या जागी पेटतात आणि पुढचे दहा किलोमीटर वाया जातात.

उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते. ओव्हरटेक झालं की मधल्या लेनमध्ये परत यायचं, एवढं पाळलं तरी बरीचशी खुन्नस सुरूच होत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे आणि तुम्ही बरोबर १०० ने चालला असाल, तरीही मागून येणाऱ्याला वाट द्या. त्याचा वेग मोजायला तिथे कॅमेरे लावलेत, ते काम आपण अंगावर घेऊ नये. बाकी कारणं ठरलेलीच: घाईत कुणालातरी बसलेला कट, टोलच्या रांगेत घुसणं, रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर सोडलेला अप्पर, आणि आंबोली-कुंभार्लीसारख्या अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट न देता खाली उतरत येणं. घाटात पहिला हक्क चढणाऱ्याचा, हे उतरणारे सर्रास विसरतात.

चिडलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते: तुम्ही थांबावं. तुम्ही थांबल्याशिवाय त्याला उतरता येत नाही, काचेवर हात आपटता येत नाही, चार शिव्या ऐकवता येत नाहीत. म्हणून थांबायचं की नाही आणि थांबलात तर कुठे, हे तुमच्याच हातात राहिलं पाहिजे.

मागे चिकटलेला

१०० च्या वेगात गाडी एका सेकंदाला साधारण २८ मीटर जाते. मागचा बंपरला चिकटून पाच-सहा मीटरवर असेल, तर तुम्ही ब्रेक दाबल्यावर त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचायच्या आतच तो तुमच्या डिकीत असेल. त्यामुळे त्याला धडा शिकवायला ब्रेकवर नुसता पाय टेकवून लाल दिवा दाखवणंसुद्धा नको. करायचं ते उलटं: तुमच्या पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. पुढे कुणी अचानक ब्रेक मारला तर तुम्हाला दोघांच्या वाटणीचं ब्रेकिंग करायचंय, म्हणजे इतकं सावकाश थांबायचंय की मागच्यालाही थांबता येईल. तेवढी जागा पुढेच मिळू शकते, मागे ती नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचला आणि वेग आपोआप थोडा उतरू द्या.

मग डावीकडे सरकायचं. गंमत अशी की बरेच अपघात नेमके इथेच होतात. तुम्ही वाट द्यायला डावीकडे वळता आणि त्याच क्षणी मागच्याचा धीर सुटून तोही डावीकडूनच ओव्हरटेक करायला निघतो. म्हणून आधी डावा इंडिकेटर, तो किमान तीन-चार वेळा लुकलुकू द्या. आतला आरसा पाहा, मग डावा आरसा, मग मान वळवून डाव्या खांद्यावरून एक नजर. मागच्या गाडीचं नाक डावीकडे वळताना दिसलं तर तुम्ही आपल्या लेनमध्येच सरळ राहा आणि त्याला डावीकडून जाऊ द्या. ते चुकीचं आहे, पण आत्ता ते चालेल. नाक सरळ असेल तरच सरका, तेही सावकाश.

तो शेजारून जाताना बघेल, हातवारे करेल. तुमची नजर रस्त्यावर. चूक तुमची असेल तर हात कपाळाशी नेऊन मान हलवा, ट्रकवाले एकमेकांना करतात तसं. आपली चूक नसतानाही हे करायला पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. तो पुढे गेल्यावर मात्र त्याच्या मागे अप्पर मारण्याची हौस भागवू नका. वेग त्याच्यापेक्षा २० ने कमी ठेवलात तर दोन मिनिटांत साडेसहाशे मीटरचं अंतर पडतं, आणि मध्ये चार-पाच गाड्या आल्या की तुमची गाडी त्याच्या आरशातून नाहीशी होते.

रात्री मागून सतत अप्पर येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी दांडी ओढा, झगमगाट कमी होतो. ही दांडी कशासाठी आहे हे बऱ्याच जणांना गाडी विकेपर्यंत कळत नाही.

पुढे येऊन ब्रेक मारणारा

हा जास्त वाईट. ओव्हरटेक करून तो तुमच्यासमोर येतो आणि ब्रेक मारतो, पुन्हा पळतो, पुन्हा ब्रेक. तुम्ही मागून ठोकलं की चूक तुमच्या माथी मारायची आणि वर गाडी आडवी लावून थांबवायचं, असे दोन्ही डाव यात साधतात. त्याला ओलांडून जायचा मोह होतो. करू नका, तुम्ही उजवीकडे घ्याल तेव्हा तो उजवीकडे येईल.

त्याऐवजी सगळ्यात डावी लेन पकडा, एखाद्या लोडेड ट्रकच्या मागे चार-पाच गाड्यांचं अंतर सोडून राहा आणि ५०-६० ने चाला. कंटाळवाणं आहे, पण कंटाळा हेच इथलं हत्यार. चिडलेल्या माणसाला ५० च्या वेगात फार वेळ चिडून राहता येत नाही. शिवाय ट्रक पुढे असला की त्याला तुमच्या समोर येऊन ब्रेक मारायला जागा उरत नाही; मध्ये घुसलाच तर अंतर पुन्हा वाढवा.

तो बरोबरीने चालवत खिडकीतून ओरडत असेल तरीही हेच: वेग न वाढवता हळूहळू मागे पडा. दोघं जण बसलेली बाइक काचेवर थापा मारत असेल तर चुकूनही तिच्याकडे दाबू नका. त्यांना तुमचा आरसा जरी घासला, तरी पुढची सगळी गोष्ट बदलते.

गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचं काम मोठं आहे आणि तेच बहुतेक वेळा बिघडतं. काच खाली करून "ए, दिसत नाय का रे?" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्या हातात फोन द्या, ११२ लावायला सांगा, किलोमीटरचे दगड वाचायला सांगा. माणूस कामाला लागला की तोंड आपोआप बंद होतं. मागच्या सीटवरच्या मुलांना खाली वाकून बसू देऊ नका, बेल्ट लावून सरळ बसवा. अचानक ब्रेक लागला तर बेल्टच कामाला येतो.

कुठे जायचं

पाच-सात किलोमीटर झाले तरी तो मागेच असेल, तर हा राग नव्हे, पाठलाग आहे. घरी जायचं नाही, कारण घर दाखवलं की प्रकरण हायवेवर राहत नाही. सर्व्हिस रोडला उतरायचं नाही, झाडाखालच्या लेबायला, म्हणजे गाडी थांबवायला कडेला सोडलेल्या जागेत, थांबायचं नाही. माणसं, दिवे आणि कॅमेरे ज्या ठिकाणी आहेत तिथेच: टोल नाका, मोठा पेट्रोल पंप, फूड मॉल, पोलीस ठाणं. पंपावर मशीनपासून लांब, ऑफिसच्या दारासमोर, बाहेर पडायच्या तोंडाकडे नाक करून थांबा.

टोल नाका सगळ्यात चांगला, पण त्याची लेन हा पिंजरा आहे. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, पुढे बॅरिअर, मागे तो. तिथे अडकलात तर वळायला जागा नाही. म्हणून रांग सगळ्यात लहान असेल ती लेन घ्या, काच बंद ठेवा, दारं लॉक. फास्टॅगमध्ये पैसे असले की काच खाली करायची वेळच येत नाही; लांबच्या प्रवासाआधी बॅलन्स पाहायचं हेही एक कारण. बॅरिअर उघडला की लगेच न थांबता पुढे जा आणि टोलच्या ऑफिसपाशी, गस्तीची गाडी किंवा ॲम्ब्युलन्स उभी असते त्या बाजूला गाडी घ्या.

तो तुमच्या पुढे निघून गेला असेल आणि एक्झिट आली, तर सरळ उतरून जा. एक्सप्रेसवेवर त्याला वळून मागे येता येत नाही. पण एक्झिट शेवटच्या क्षणी तीन लेन कापून घ्यायची नाही. समृद्धी महामार्गावर हा उपाय थोडा अवघड, तिथे इंटरचेंज लांब लांब आहेत. तिथे पुढचा पंप किती किलोमीटरवर आहे ते निघतानाच बघून ठेवा.

फोन ११२ ला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही महामार्ग हेल्पलाइनही आहे, बंद पडलेली गाडी वा अपघातासाठी ती उपयोगी, पण माणूस मागे लागला असेल तर आधी ११२. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी हे रस्ते राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे आहेत, तिथे तर ११२च. बोलताना लोक गाडीचा रंग सांगतात, शिव्या सांगतात आणि दिशा सांगायची विसरतात. मध्ये डिव्हायडर असतो. गस्तीची गाडी पलीकडच्या बाजूला आली तर वळायला तिला पुढची फट गाठावी लागते, वेळ जातो. सांगायची रीत अशी: "मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, पुण्याहून मुंबईकडे, किलोमीटर अमुक, मी चालतोय, थांबलेलो नाही. मागे काळी एसयूव्ही, नंबर अमुक. पुढच्या टोलवर थांबतोय." किलोमीटरचा दगड दिसला नाही तर मधले २०० मीटरचे छोटे दगड वाचा, किंवा नुकताच गेलेला पूल, गावाचा बोर्ड सांगा. फोन स्पीकरवर ठेवा आणि चालू राहू द्या. मोबाइलवर पॉवर बटण ठरावीक वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, पण किती वेळा ते फोनप्रमाणे बदलतं. सेटिंगमध्ये घरीच पाहून ठेवा, हायवेवर शोधू नका.

"टायर पंक्चर आहे", "ऑइल गळतंय", "मागे एकाला उडवून आलात" असं शेजारून ओरडून सांगणारे याच घरातले. हवा खरंच गेली असेल तर स्टीअरिंग एका बाजूला ओढतं आणि फटफट आवाज येतो. तसं काही नसेल तर पुढच्या पंपापर्यंत चला.

अडवलंच तर

ट्रॅफिकमध्ये थांबताना नेहमीच पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. तेवढ्या जागेत रिव्हर्स न घेता स्टीअरिंग फिरवून बाहेर पडता येतं. चिकटून थांबलात तर त्याने मागे गाडी लावली की खेळ संपला.

त्याने गाडी आडवी घातलीच, तर इंजिन बंद करू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की, काही ऑटोमॅटिकमध्ये तर गिअर नुसता पार्कमध्ये टाकला तरी, चारही दारांचे लॉक आपोआप उघडतात. तुमच्या गाडीत कसं आहे ते अंगणात एकदा करून पाहा. गाडी गिअरमध्ये, पाय क्लच-ब्रेकवर. सेंट्रल लॉकचं बटण स्वतः दाबा, सनरूफ बंद करा.

काच बोटभरही खाली नको. तेवढ्या फटीतून हात आत येतो आणि तो पहिल्यांदा किल्लीकडे जातो. किल्ली गेली की गाडीसह तुम्ही त्याचे. बोलायचं ते बंद काचेतूनच, आणि थोडकंच: "दादा, चुकलं असेल माझं, सॉरी." कोण बरोबर ते तिथे ठरत नाही. "थांब, पोलिसांनाच बोलावतो" हे धमकीसारखं ओरडू नका, फोन गुपचूप चालू असू द्या. मोबाइलचा कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरला की बहुतेक माणसं आणखी बिथरतात. डॅशकॅम असेल तर त्याला त्याचं काम करू द्या. नसेल तर शेजारच्याने फोन छातीपाशी धरावा. डॅशकॅम आवाजही टिपतो, तुमच्या शिव्यांसकट.

काचेवर मारायला लागला तर हे माहीत असू द्या: पुढची काच दोन थरांची असते, तडकते पण धरून राहते. बाजूची काच फुटली की बारीक खडे होऊन अंगावर येते. चेहरा आतल्या बाजूला वळवा, डोळे मिटा, हॉर्न दाबून ठेवा. समोर मोकळी जागा असेल तर सावकाश निघा. बॉनेटसमोर माणूस उभा असेल तर गाडी हलवायची नाही, मग तो काहीही करो. त्याला धडक बसली तर फिर्यादीचे आरोपी व्हायला क्षण लागत नाही.

बाइकवर असाल तर हिशोब वेगळा: किल्ली काढून खिशात टाका, हेल्मेट डोक्यावरच राहू द्या, पायी माणसांच्या दिशेने चाला. बाइक तिथेच राहिली तरी चालेल.

धक्का खरोखर लागला असेल तर

चालू लेनमध्ये उतरून ओरखडे बघत बसू नका. पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावून डाव्या कडेला, शक्यतो माणसं असतील तिथे. उतरण्याजोगं वातावरण असेल तर दोन्ही गाड्यांचे चारही कोपऱ्यांतून फोटो, नंबर प्लेट आणि रस्ता एका फ्रेममध्ये दिसेल असा एक फोटो. लायसन्स किंवा आरसीचा मूळ कागद समोरच्याच्या हातात द्यायचा नाही, तो पोलिसांना दाखवायचा.

कुणी जखमी असेल तर त्याला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर टाकली आहे. ॲम्ब्युलन्स १०८. पण त्याच कलमात सूट आहे: जमाव अंगावर येत असेल आणि थांबणं शक्य नसेल तर तिथून निघून पोलिसांना कळवता येतं. कळवायला लवकरात लवकर जायचं, फार तर २४ तासांत. जमावाला घाबरून निघणारा आणि पळून जाणारा यांच्यात फरक असतो तो या कळवण्याचाच. म्हणून निघताक्षणीच ११२ लावा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

"इथेच दहा हजार द्या आणि मिटवा" याला साधारणपणे नाही म्हणायचं. जीवावर बेतत असेल तर मात्र द्या, आणि शक्य असेल तर यूपीआयने. कुणाच्या खात्यात गेले ते कायमचं नोंदलं जातं.

नंतरचं काम

हात थरथरत असताना गाडी चालवू नका. पंपावर पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, आणि कुणाला फोन करून हकीकत सांगायच्या आधी ती लिहून काढा: नंबर, मॉडेल, रंग, वेळ, किलोमीटर, दिशा, तो नेमकं काय म्हणाला. चार वेळा सांगितली की हकीकत बदलते. फास्टॅगचा मेसेज जपून ठेवा, त्यात टोलचं नाव आणि वेळ असते. तेवढ्यावरून टोलच्या कॅमेऱ्यातलं नेमकं चित्रीकरण शोधता येतं.

डॅशकॅम जुनं पुसून नवं टिपत राहतो. ६४ जीबीच्या कार्डात फुल एचडी साधारण आठ-नऊ तासांचं मावतं, म्हणजे मुंबईहून नागपूरला पोचेपर्यंत सकाळचं पुसलं जायच्या बेताला आलेलं असतं. लॉकचं बटण दाबा, नाहीतर कार्डच काढून ठेवा. तारीख-वेळ चुकीची असेल तर आत्ता दुरुस्त करू नका, किती फरक आहे त्याचा फोटो काढा. फाइल कापू नका, व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती आक्रसते. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला अंक-अक्षरांचा ठसा, नोंदवतात. फाइल जराशी बदलली तरी हॅश बदलतो. सोशल मीडियावर त्याच्या नंबरसकट टाकायची घाईही नको, आधी तक्रार.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो तिकडे पाठवायचा असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. अर्ज लिहिताना क्रम महत्त्वाचा. "त्याने मला शिव्या दिल्या" अशी सुरुवात केलीत तर प्रकरण एन.सी. मध्ये, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीत, जायची शक्यता जास्त, कारण शिवीगाळ आणि साधी धमकी अदखलपात्र. आधी लिहा: गाडी आडवी घालून मला अडवलं, म्हणजे न्याय संहितेचं कलम १२६. मग लोकांच्या जीवाला धोका होईल अशी गाडी चालवली, कलम २८१. हे दोन्ही दखलपात्र. त्यानंतर मारहाण, मोडतोड, धमकी, शिव्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ही लिहा. चालकाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेतच नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा.

काच-बंपर फुटलं असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत कुणीतरी मुद्दाम केलेली मोडतोडही धरलेली असते, थर्ड पार्टी पॉलिसीत नाही. क्लेमला एफआयआरची प्रत मागतात. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत काच बदलू नका. घरी पोचेपर्यंत जाड प्लॅस्टिक बाहेरून चिकटपट्टीने लावा, आणि सीटवरचे खडे हाताने नाही, व्हॅक्यूमनेच काढा.